आहेराचे बूट

वैष्णवीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र टेबलावर, चष्म्याच्या घराशेजारी पडलेलं असायचं. ते हरवलं असतं तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

वहीच्या आखीव पानावर तिने लिहिलं होतं:

"आदरणीय सचिव साहेब, मी वैष्णवी, राहणार ताडकळस. पूर्णेच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि फुटबॉल खेळते. माझ्यावर तक्रार आहे असं बन्सीधर सरांनी सांगितलं. नागप्पाकाकांच्या घरून मला बूट मिळाले, ते जाहिरातीचे आहेत असं म्हणतात. परभणीच्या कॉलेजातून निरोप आला की बूट परत कर, माफीचं पत्र दे, मग बघू. साहेब, बूट परत केले तर मला खेळता येईल का? पण उमाकाकूंनी ते आहेर म्हणून दिलेत. आहेर परत कसा करायचा ते मला माहीत नाही. आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. नियम तुम्ही लिहिले आहेत असं कळलं म्हणून विचारते. मला खेळायचं आहे."

मी कॉलेजांच्या क्रीडा स्पर्धांच्या पात्रता समितीचा सचिव आहे. नाव मोठं आहे. काम एवढंच की कोणता खेळाडू खेळायला पात्र आहे आणि कोणता नाही, याचे कागद बघायचे. मी स्वतः आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही. परभणीच्या लोकसंजीवन महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो. नियमावली लिहायची वेळ आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, ग्रंथपालांना सांगा, त्यांना वाचायची सवय आहे. मी ठिकठिकाणच्या नियमावल्या पुढे घेऊन एक तयार केली. निवृत्त झालो तरी सचिवपद माझ्याकडेच राहिलं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं, आणि मला कधी नको म्हणता आलं नाही.

त्या नियमावलीत लिहिलं आहे की खेळाडूने आपलं नाव किंवा फोटो व्यापाराच्या जाहिरातीला देऊ नये आणि त्याबदल्यात पैसे किंवा वस्तू घेऊ नये. पुढे असंही आहे की खेळाडूने शंका विचारली तर सचिवाने लेखी उत्तर द्यावं. ते उत्तर चालतं. ज्याला पटणार नाही त्याने समितीकडे जावं. हे वाक्य मी कुठून घेतलेलं नव्हतं, माझंच होतं. विचारणाऱ्याला उत्तर मिळावं, असं तेव्हा वाटलं होतं.

आमच्याकडे मुलींचा फुटबॉल म्हणजे चार-पाच कॉलेजांचा खेळ. अकरा मुली जमवतानाच सगळ्यांची दमछाक होते, त्यामुळे एक चांगली मुलगी ज्या कॉलेजात जाईल तिकडे कप जातो. वैष्णवीने बारावीत असताना पूर्णेच्या रेल्वे मैदानावर जिल्ह्याचा सामना जिंकून दिला, आणि दुसऱ्याच आठवड्यात तिच्या घरापुढे दोन जीपा उभ्या राहिल्या. एक परभणीची, एक पूर्णेची. दोघांनी शाल, नारळ, पेढे आणले होते. शालींचा रंगसुद्धा एकच होता. तिच्या आईने, बायनाबाईंनी, दोघांना एकाच किटलीतला चहा दिला म्हणे. वैष्णवीने पूर्णा निवडलं, कारण तिथून संध्याकाळच्या बसने घरी येता येतं. परभणीच्या जीपमधले पेढे परत गेले नाहीत, पण राग परत गेला आणि पावसाळ्यानंतर तक्रार होऊन माझ्या टेबलावर आला. तक्रारीसोबत एका फ्लेक्सचा फोटो होता. ताडकळसच्या बसथांब्यावर वैष्णवी हातात नवे बूट घेऊन उभी, वर 'हार्दिक अभिनंदन', खाली 'शुभेच्छुक: नागप्पा कृषी सेवा केंद्र', आणि तिच्या पायाशी बियाण्यांच्या पिशव्यांची रांग.

पत्र आलं त्याच दिवशी मी प्राचार्यांना फोन केला. ते लोकसंजीवनचे प्राचार्य आणि समितीचे अध्यक्षही. म्हणजे तक्रार करणारे आणि ऐकणारे एकच.

"ग्रंथपाल, लेखी काही देऊ नका," ते म्हणाले. "बैठकीत बघू."

"बैठक कधी, सर?"

"घेऊ की. दिवाळी होऊ द्या."

"खेळाडूंची यादी दिवाळीच्या आधी जाते, सर. तक्रार बाकी असली तर तिचं नाव यादीत घेणार नाहीत."

"मग जाऊ द्या की यादी. यादीला कोण अडवतंय?"

"पण नियमात सचिवाने..."

"नियम मला पाठ आहे हो. गेल्या वर्षी आमची अनुपमा बाहेर बसवलीत तेव्हाही तोच होता. तेव्हा नियम, आणि आता आहेर होय? तक्रार कुणी केली होती ते विचारा तुमच्या बन्सीधरला."

मी फोन ठेवला. ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. गेल्या वर्षी अनुपमा नावाच्या त्यांच्या गोलकीपरचा फोटो एका शिकवणीच्या फ्लेक्सवर आला होता. बन्सीधरने तक्रार केली, मी कागद पाहिले, आणि ती अपात्र आहे असं चार ओळींत लिहून मोकळा झालो. तिने शिकवणीचा टी-शर्ट घालून फोटो काढून घेतला होता, कागदावर सही केली होती, बदल्यात वर्षाची फी माफ करून घेतली होती. निर्णय बरोबर होता. तरी दोन मुलींना दोन न्याय दिले असं उद्या कुणीही म्हणू शकलं असतं. मी पत्र घडी करून ठेवलं. मग उलगडून पुन्हा वाचलं. मग पुन्हा ठेवलं.

बन्सीधर पूर्णेच्या कॉलेजात खेळ शिकवतो. तो आणि मी दोघे पोखर्णीचे, एका शाळेतले. तो दिवसाआड फोन करू लागला.

"काय करायलास रे? पुस्तकात शिरून बसलास का?"

"अभ्यास चाललाय."

"परीक्षा हाय का तुझी? अरे, अकरा पोरी जमवता जमवता माझे केस गेले."

"तुझे आधीच गेले होते."

"हास तू. इकडं पोरगी रोज इचारायलीय, साहेबांचं पत्र आलं का. काय सांगू तिला? साहेब चष्मा शोधायलेत म्हणून?"

"अनुपमाला तूच बसवलंस, बन्सी."

फोनमध्ये त्याची शिट्टी वाजली. मागे मैदानावर मुली ओरडत होत्या.

"बसवलं," तो म्हणाला. "जिंकायचं होतं मला. पण तिनं सही केली होती. ह्या पोरीनं काय केलंय? आन् माझ्यावरचा राग हिच्याकडून वसूल करणार असाल तर तसं लिवून तरी द्या."

मला त्याचाही कंटाळा आला होता आणि प्राचार्यांचाही. दोघे मुलींबद्दल बोलत, पण बोलणं कपापाशी जाऊन थांबायचं. सगळ्यात जास्त कंटाळा स्वतःचा आला होता. मी उत्तराचे मसुदे करत होतो. 'तुमचे पत्र मिळाले' याच्यापुढे पेन जात नव्हतं. खेळातलं मला काही कळत नाही, हे एक कारण मी स्वतःला देत असे. दुसरं, अध्यक्षांनी नको म्हटलं आहे. कारणं संपत नव्हती.

अशात एके सकाळी माझी सून मंजुषा भाजी घेऊन आली ती हसतच.

"अण्णा, तुम्ही चौकात लागलात की!"

"म्हणजे?"

"फ्लेक्सवर. प्राचार्यांचा वाढदिवस आहे. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत तुम्ही, वरून दुसऱ्या ओळीत. डावीकडे नगरसेवक, उजवीकडे मटक्याचा कुणीतरी आहे म्हणे."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. जाऊन पाहिलं. मी खरंच होतो. निवृत्तीच्या दिवशीचा फोटो, अंगात सफारी. त्या सफारीचं कापडसुद्धा त्या दिवशी आहेरात मिळालं होतं, एका कापड दुकानदाराने कॉलेजला दिलेलं. आणि फ्लेक्सच्या तळाशी ठळक अक्षरांत एका सराफाचं नाव होतं, दिवाळीनिमित्त मजुरीत सूट. मी त्या दुकानात कधी पाऊल टाकलेलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिथे उभा राहून स्वतःकडे पाहत होतो, तेवढ्यात पानटपरीवाला म्हणाला, "सर, चांगले दिसायलाव."

घरी आल्यावर मंजुषाने विचारलं, "काढायला सांगू का?"

"कुणाला सांगणार?"

"तेही खरंय," ती म्हणाली. "आणि जेवून घ्या. चेहरा बघा कसा झालाय."

दुसऱ्या दिवशी मी ताडकळसची बस धरली. कुणाला सांगितलं नाही. बसमध्ये बसल्यावर वाटलं, सचिवाने असं जाणं बरं दिसतं का? कागद बघून ठरवायचं ते माणसं बघून ठरवलं, असं होईल. पण कागदात आहेर हा शब्दच नव्हता.

बाजाराचा दिवस होता. नागप्पांचं दुकान थांब्यासमोरच आहे. कपाळावर विभूती, पुढ्यात तराजू, आणि मोबाईलवर कुणाला तरी खताची किंमत सांगत असलेले नागप्पा मला पाहून उठून उभे राहिले. मी कोण ते सांगितलं, तर त्यांनी गिऱ्हाईक तसंच सोडलं.

"या सर, बसा. विरेश, खुर्ची पूस. सर, चूक माझी हाय. फ्लेक्स मी लावला. तक्रारीचं ऐकलं त्याच दिवशी काढला. पोरीला कामून शिक्षा?"

"फ्लेक्सवर बियाण्याच्या पिशव्या कशा आल्या?" मी विचारलं.

त्यांनी मुलाकडे पाहिलं. विरेश पंचविशीचा असेल. तो मान खाजवू लागला.

"सर, फ्लेक्सवाल्याकडं आमचं जुनं डिझाइन पडून होतं. पोळ्याच्या शुभेच्छांचं. मी मोबाईलवरून वैष्णवीचा फोटो धाडला. त्यानं बैल काढला अन् वैष्णवी बसवली. पिशव्या तशाच राहिल्या."

"तू बघितलं नाहीस?"

"बघितलं की. मला वाटलं, चांगलंच दिसायलंय."

"गाढवा," नागप्पा म्हणाले. "सर, आमच्या गिऱ्हाइकाला फुटबॉल म्हंजी काय तेच ठाऊक न्हाई. त्या फ्लेक्सानं एक पिशवी गेली न्हाई माझी. उलट एक जण इचारून गेला, पोळ्याला पोरीचा फोटो कामून लावलाव म्हणून."

मी हसलो. फार दिवसांनी हसलो असेन. मग जे विचारायला आलो होतो ते विचारलं. "फोटो लावायच्या आधी तिला विचारलं होतंत का?"

"इचारायचं काय त्यात? घरचीच पोरगी."

दुकानाच्या मागे घर आहे. दारात उमादेवी उभ्या होत्या. त्या सगळं ऐकत होत्या हे मला आधी कळलं नव्हतं. चहाचा कप माझ्यापुढे ठेवून त्या दाराच्या चौकटीलाच टेकल्या.

"कप जिंकून पोरगी पाया पडायला आली होती, सर. आमची न् त्यांची भिंत एक हाय. रिकाम्या हातानं धाडू व्हय? साडी दिली असती तर कुणी इचारलं नसतं. पण तिचे बूट पुढून फाटलेले. म्हणून बूट आणले, ताटात ठेवले, कुंकू लावलं, नारळ दिला. ह्यांचा फ्लेक्स त्याच्या लय नंतर आला."

"त्यात दुकानाचं काही..."

"दुकान त्यांचं. आहेर माझा." त्यांचा आवाज चढला नाही. "आता म्हणत्यात बूट माघारी घ्या. पोरगी परवा बुटांचा डबा घेऊन आली होती दारात. धड आत येईना, धड जाईना. मीच म्हणलं, बाई, आहेर माघारी आला तर तुझ्या आईच्या न् माझ्या बोलण्यात काय राहिलं? रडत गेली. तुमी मोठ्या शिकलेल्या माणसांनी हे कागदावर घ्यावं का?"

मी चहा प्यालो. गोड होता. चांगला झालाय म्हणालो.

विरेशने मला मोटारसायकलवरून दिनकररावांच्या शेतावर सोडलं. वैष्णवीचे वडील. सोयाबीन काढून गंजी लावली होती, आणि गंजीवर तोच फ्लेक्स उलगडून टाकला होता. चारी कोपऱ्यांवर दगड. आभाळाकडे तोंड करून वैष्णवी हसत होती, पिशव्यांची रांग एका बाजूने खाली लोंबत होती.

"वाया कामून घालवायचा," बायनाबाई म्हणाल्या. "ताडपत्रीपेक्षा जाड हाय."

वैष्णवी बांधाच्या पलीकडच्या मोकळ्या रानात एकटीच चेंडू मारत होती. ती पळत आली. बारीक, सावळी, फोटोतल्यापेक्षा लहान वाटणारी मुलगी. पायात जुने बूट होते, पुढून चांभाराने टाके घातलेले.

"साहेब, तुमचं पत्र आलं नाही," ती म्हणाली.

"नाही. मी आलो."

"पण पत्र लागतं ना?"

मला मान खाली घालावी लागली. ती घरात जाऊन डबा घेऊन आली. सुगीपुरते सगळे शेतातल्या घरात राहत होते. डब्याच्या झाकणावर कुंकवाचं बोट तसंच होतं. बूट कोरे, तळव्यांना मातीचा कणही नाही.

"घातले नाहीस?"

"त्या दिवशी काकूंच्या ओसरीवर घातले होते. कॉलेजच्या पहिल्या सामन्याला घालायचे म्हणून ठेवले, तेवढ्यात तक्रार आली. आता घातले तर अजून काही म्हणतील."

"फोटो कुणी काढला?"

"विरेशदादानं. सगळ्यांचेच काढले. काकूंचा, माझ्या आईचा, ताटाचा पण."

"त्याबद्दल कुणी काही लिहून घेतलं? सही वगैरे?"

"सही कशाला?" तिला खरंच कळलं नव्हतं. मग डबा छातीशी धरून तिने पत्रातलाच प्रश्न विचारला. "साहेब, हे परत केले तर खेळता येईल का? तुम्ही म्हणाल तर करते. काकू बोलणार नाहीत माझ्याशी, पण करते. फक्त एकदा सांगा. हो की नाही."

तिथेच सांगायला हवं होतं. उत्तर माझ्या मनात तयार होतं. तरी मी म्हणालो, "लिहून कळवतो."

दिनकरराव बाजूलाच होते. ते गंजीवरचा दगड नीट करत म्हणाले, "लिवून कळवतो म्हंजी न्हाई, बाई. आत ठिव डबा."

ती आत गेली. मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो आणि परभणी येईपर्यंत ते वाक्य माझ्यासोबत आलं. माणसं मला भित्रा म्हणाली असती तर एवढं लागलं नसतं. त्यांनी मला कचेरीतल्या इतर सगळ्यांसारखंच धरलं होतं, आणि त्यांची काही चूक नव्हती.

घरी येऊन मी अनुपमाचा कागद काढला. बाजूला वैष्णवीचं पत्र ठेवलं. अनुपमाला शिकवणीवाल्यांनी विचारलं होतं, ती हो म्हणाली होती, बदल्यात तिने काही घेतलं होतं. वैष्णवीला कुणी विचारलंच नव्हतं. तिला जे मिळालं ते एका बाईने दिलं होतं, फ्लेक्सच्या कितीतरी आधी, आणि मुलगी घरी आली म्हणून. इतकं साधं होतं. ते बघायला मला ताडकळसला जावं लागलं. तिथे जाऊनही तोंडातून निघालं नाही. बोलणं मला जमत नाही. लिहिणं थोडं जमतं. मग तेवढं तरी करावं असं ठरवलं.

दोन मसुदे फाडले. पहिल्यात नियमांची फार माहिती होती, दुसऱ्यात माझ्या दिरंगाईची फार क्षमा मागितली होती. तिने विचारलं होतं हो की नाही. शेवटी हे लिहिलं:

"कु. वैष्णवी दिनकरराव, ताडकळस यांस. हो, तुम्हाला खेळता येईल. तुम्ही आपला फोटो कोणत्याही जाहिरातीला दिलेला नाही. तो तुम्हाला न विचारता लावला गेला. सौ. उमादेवी यांनी दिलेले बूट हा आहेर आहे, जाहिरातीचा मोबदला नाही. ते परत करू नयेत. माफीचे पत्र देण्याचे कारण नाही. आपल्या कॉलेजाने हे पत्र जोडून यादीत नाव पाठवावे. हा निर्णय मान्य नसल्यास समितीकडे दाद मागता येईल. ता. क. बूट मैदानावर घालावेत. सचिव, पात्रता समिती."

एक प्रत बन्सीधरला, एक प्राचार्यांना. प्राचार्यांच्या प्रतीसोबत मी चौकातल्या फ्लेक्सबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, की फोटो मला न विचारता छापला आहे, सराफांशी माझा संबंध नाही, आणि तरीही या कारणावरून मी सचिवपदाला अपात्र ठरत असेन तर तसं लेखी कळवावं. मग वाटलं, हे फार टोचून झालं. खोडलं. मग वाटलं, खोडलेलं वाचता येतंच. कागद बदलला आणि त्या ओळी पुन्हा, स्वच्छ अक्षरात लिहिल्या.

मंजुषाने पाकिटं पाहिली. "द्या अण्णा, स्कूटरवर जाते आहेच, टाकते पोस्टात."

"नको. मी जातो."

"ऊन किती झालंय."

"तुझ्याकडे दिलं तर मी कोपऱ्यावरून फोन करेन, परत आण म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि छत्री हातात दिली.

चौकातून जाताना मी फ्लेक्सकडे पाहिलं नाही. खिशातला फोन दोनदा वाजला. पडद्यावर प्राचार्यांचं नाव होतं. ताडकळसला गेल्याचं त्यांना कळलं असणार. इथे सगळं कळतं. मी फोन वाजू दिला. त्याचं मला नवल वाटलं.

पोस्टात खिडकीवर दोन-चार माणसं होती. माझी पाळी आली तेव्हा आतल्या बाईंनी वरच्या पाकिटावरचा पत्ता वाचून विचारलं, "साधं की स्पीड पोस्ट?"

"लवकर कसं जाईल?"

"स्पीड पोस्टनं. ताडकळस आहे, उद्या-परवा मिळेल."

"यादी शनिवारी जाते," मी म्हणालो. त्यांना कशाचं काही कळलं नाही.

त्यांनी तिन्ही पाकिटं तोलली, पट्ट्या चिकटवल्या, शिक्के मारले. पावत्या माझ्याकडे सरकवल्या आणि पाकिटं मागच्या थैलीत टाकली. मी तिथेच उभा राहिलो.

"अजून काही, काका?"

"नाही," मी म्हणालो. "गेलं ना ते ताडकळसचं?"

"गेलं."